दोन अ‍ॅम्प, एक गिटार आणि मधली हवा

'शोले'मधला रेल्वेवरचा दरोडा आठवतोय? घोडे, गोळीबार आणि धडधडत जाणारी गाडी. ते सगळं आपल्या इथलंच. मुंबई-पुणे रेल्वेमार्गावर पनवेलजवळ तो प्रसंग चित्रित झाला आणि त्या एका प्रसंगाला सात आठवड्यांहून जास्त वेळ लागला. १५ ऑगस्ट १९७५ला सिनेमा आला, तेव्हा मुंबईत 'मिनर्व्हा'ला लोकांनी तो ७० एमएमवर आणि स्टिरिओफोनिक साउंडमध्ये पाहिला. म्हणजे आवाज एका जागेवरून न येता पडद्याच्या वेगवेगळ्या बाजूंनी.

त्याच वर्षी तिकडे जपानमध्ये रोलँड कंपनीने जेसी-१२० नावाचा गिटार अ‍ॅम्प बाजारात आणला. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण माणसाला दोन कान आहेत, ही साधी गोष्ट दोघांनीही मनावर घेतली होती.

विषय आत्ता काढण्याचं कारण म्हणजे फेस्टचा सीझन. न्यू पनवेल, खांदेश्वर, कामोठे, खारघर, जिथे जाल तिथे कुणाच्या तरी घरी नाहीतर तासाच्या भाड्याने घेतलेल्या खोलीत बँडची प्रॅक्टिस चालू आहे. आणि प्रत्येक बँडमध्ये एक गिटारिस्ट असा असतोच, ज्याने यूट्यूबवर मोठ्या लोकांचे रिग बघितलेत आणि ज्याला आता दुसरा अ‍ॅम्प हवाय. पॉकेटमनी साठवून, घरी मस्का लावून, सेकंडहँड का होईना, पण दुसरा अ‍ॅम्प. 'स्टिरिओ वाजवू ना भाई!' पैसे द्यायच्या आधी दहा मिनिटं हे वाचा.

पहिला गैरसमज आवाजाचा. दोन अ‍ॅम्प म्हणजे डबल आवाज, असं होत नाही. तितक्याच ताकदीचा दुसरा अ‍ॅम्प लावला की साधारण ३ डेसिबलची भर पडते. दोन्ही अगदी जुळून आले तर खोलीतल्या काही जागी ६ डेसिबलपर्यंत. आपल्या कानाला 'दुप्पट मोठं' वाटायला मात्र सुमारे १० डेसिबल लागतात. फक्त मोठ्याने वाजवायचं असेल, तर दुसरा अ‍ॅम्प हा त्याचा सगळ्यात महागडा आणि सगळ्यात जड उपाय आहे.

दुसरा गैरसमज जास्त पसरलेला आहे. गिटारचा सिग्नल दोन भागांत वाटला, दोन सारखे अ‍ॅम्प डावी-उजवीकडे ठेवले, सगळी बटणं सारखी फिरवली, की झालं स्टिरिओ! नाही होत. दोन्हीकडून तोच आवाज त्याच क्षणी आला, तर मधोमध उभ्या असलेल्या माणसाला तो मधूनच येतोय असं वाटतं. हा फार तर जाडजूड मोनो. स्टिरिओला दोन बाजूंमध्ये फरक लागतो. वेळेचा, सुराचा, नाहीतर आवाजाच्या रंगाचा.

हे समजायला परदेशात जायची गरज नाही. शास्त्रीय गायनाच्या मैफलीत गायकाच्या मागे दोन तानपुरे असतात. एक का पुरत नाही? दोन्ही एकाच स्वरात लावलेले असले, तरी छेडणारे हात दोन, तारा वेगळ्या, भोपळे वेगळे. क्षणाचा मागेपुढेपणा आणि केसाएवढा सुरातला फरक यातून मध्ये बसलेल्या गायकाभोवती जो भरणा तयार होतो, तो एकट्या तानपुऱ्यातून येत नाही. जेसी-१२० तेच विजेवर करतो. आत ६०-६० वॉटचे दोन स्वतंत्र पॉवर अ‍ॅम्प आणि बारा इंची दोन स्पीकर. कोरस चालू केला की एका स्पीकरमधून गिटार जशीच्या तशी येते. दुसऱ्यातून तीच गिटार किंचित उशिरा आणि सुरात किंचित खालीवर हलत येते. दोन्ही आवाज वायरमध्ये मिसळत नाहीत, मिसळतात ते समोरच्या हवेत. १९७६ला हेच सर्किट पेटीत बसवून सीई-१ पेडल आलं आणि त्यालाही दोन आउटपुट होते. एकातून कोरा आवाज, दुसऱ्यातून हलणारा. दोन अ‍ॅम्पचा खेळ म्हणजे मुळात हा.

मोठ्या स्टेजवरचं उदाहरण हवं असेल, तर तेही आपल्याच हार्बर लाइनवर घडलंय. १५ डिसेंबर २०१९ला यू-टू हा आयरिश बँड नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये वाजवून गेला. पनवेलहून सहा स्टेशनं. त्यांचा गिटारिस्ट एज हा एकापेक्षा जास्त अ‍ॅम्प एकाच वेळी वाजवणाऱ्यांमधलं बडं नाव. १९६४चा त्याचा व्हॉक्स एसी३० तर गिटारवेड्यांमध्ये देवघरात ठेवल्यासारखा चर्चेत असतो. त्याचं वाजवणं नीट ऐका. बोटं तशी कमीच हलतात. बाकीचं काम डिले करतो, म्हणजे वाजवलेला सूर ठरावीक वेळाने परत येतो आणि ताल विणला जातो. हा परत येणारा सूर दुसऱ्या बाजूने आला की एक माणूस दोघांएवढी जागा व्यापतो. फक्त त्याच्यामागे ट्रकभर सामान आणि ते लावणारी माणसं असतात, आपल्यामागे लोकलचा लगेज डबा. एक जेसी-१२० भरतो २८ किलो. पनवेलहून गाडी सुटते, म्हणून निदान चढायला तरी मिळतं.

तर आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत काय करायचं? माझं मत विचाराल तर डावी-उजवीकडे टोलवाटोलवी करणारा पिंगपाँग डिले पहिल्या आठवड्यात भारी वाटतो आणि दुसऱ्या आठवड्यात ड्रमर वैतागतो. त्यापेक्षा 'वेट-ड्राय' बघा. एक अ‍ॅम्प कोरा, त्यात गिटार आणि हवं तर डिस्टॉर्शन. दुसऱ्यात फक्त इफेक्ट, म्हणजे रिव्हर्ब, डिले, कोरस. कोऱ्या अ‍ॅम्पमुळे बोटांचा नेमकेपणा टिकतो, दुसरा मागून हवा भरतो. मजा म्हणजे यासाठी दोन सारखे अ‍ॅम्प लागत नाहीत. तुमचा एक आणि मित्राकडे धूळ खात पडलेला एक एवढ्यावर काम होतं. ब्रँड वेगळे, स्पीकर वेगळे असले तर उलट बरंच.

दोन्ही अ‍ॅम्प दोन-तीन मीटर अंतरावर, खुर्चीवर किंवा स्टुलावर ठेवा. जमिनीवर ठेवले की तुमच्या पोटऱ्यांना उत्तम ऐकू येतं, कानांना नाही. आणि अंतराचं गणित लक्षात असू द्या. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. तुम्ही एका अ‍ॅम्पला दुसऱ्यापेक्षा साडेतीन मीटर जवळ असाल, तर त्याचा आवाज सुमारे १० मिलिसेकंद आधी पोचतो. एवढ्याशा फरकाने कान दोन आवाज वेगळे ऐकत नाही, जो आधी आला त्याच बाजूने सगळं येतंय असं ठरवून मोकळा होतो. हेल्मुट हास या जर्मन शास्त्रज्ञाने १९४९मध्ये यावर प्रबंध लिहिला, म्हणून याला हास इफेक्ट म्हणतात. खोलीच्या कोपऱ्यात बसलेल्या बेसिस्टला तुमचा स्टिरिओ कधीच का पटत नाही, याचं उत्तर यात आहे. तो खडूस नाही, चुकीच्या जागी बसलाय.

आता एक गंमत, जी दोन अ‍ॅम्प लावणाऱ्या बहुतेकांना पहिल्याच दिवशी भेटते. दोन्ही अ‍ॅम्प चालू केले आणि आवाज वाढण्याऐवजी पातळ झाला, बेस गायब! यात बिघाड काही नसतो. काही अ‍ॅम्प आतल्या आत सिग्नल उलटा करून बाहेर काढतात. मग एकाचा स्पीकर पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि दोघं मिळून खालचे सूर खाऊन टाकतात. तपासायला दोन्ही अ‍ॅम्प शेजारी-शेजारी, एकाच दिशेला तोंड करून ठेवा आणि जाड ई तार वाजवा. एकट्या अ‍ॅम्पपेक्षा दोघांचा आवाज पोकळ वाटला, तर एकाची पोलॅरिटी उलटवायची. त्यासाठी फेजचं बटण असलेला स्प्लिटर मिळतो. नाहीतर रिपेअरवाल्याकडून एका अ‍ॅम्पच्या स्पीकरच्या दोन वायरी अदलाबदल करून घ्या. ट्यूब अ‍ॅम्प असेल तर आत स्वतः हात घालू नका. प्लग काढल्यावरही आत भरपूर व्होल्टेज साठून राहू शकतं. आणि दोन अ‍ॅम्पचे स्पीकर-आउटपुट एकाच स्पीकरला कधीच जोडायचे नाहीत. दोन्ही अ‍ॅम्प जातील.

पण खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. इथे जरा थांबा.

दोन अ‍ॅम्प एका गिटारला जोडले की बऱ्याचदा 'हूऽऽ' अशी गुणगुण सुरू होते. दोन्ही अ‍ॅम्प आपापल्या प्लगमधून अर्थिंगला जोडलेले असतात आणि केबलमधून एकमेकांनाही. या गोल रस्त्यावरून आपली ५० हर्ट्झची वीज फेऱ्या मारते आणि ती स्पीकरमधून ऐकू येते. यावर प्रॅक्टिस रूममध्ये पिढ्यानपिढ्या चालत आलेला उपाय म्हणजे एका प्लगची वरची जाड पिन काढून टाकणं, किंवा टू-पिनचा अ‍ॅडॅप्टर लावणं. गुणगुण लगेच बंद! म्हणूनच हा उपाय इतका लोकप्रिय आहे आणि म्हणूनच इतका घातक. ती जाड पिन म्हणजे तुमचा जीव आहे. गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून थेट अ‍ॅम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतात. अ‍ॅम्पमध्ये कधी लीकेज झालं आणि अर्थिंग नसेल, तर वीज तारांपर्यंत येऊन तुमच्या बोटांची वाट बघत बसते. तुम्ही माइकला ओठ लावता, माइक पीएच्या अर्थिंगला जोडलेला असतो आणि सर्किट तुमच्या शरीरातून पूर्ण होतं. अर्थिंग बिघडलेलं असेल तर उलट्या बाजूनेही हेच घडू शकतं. 'स्टोन द क्रोज' या स्कॉटिश बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी ३ मे १९७२ला वेल्समधल्या स्वॉन्झीला हजारो वॉटच्या स्टेजवर नाही, एका डान्स हॉलमध्ये गेला. हात गिटारवर होते आणि नीट अर्थिंग नसलेल्या माइकला स्पर्श झाला.

आपल्याकडे तर जुन्या इमारतींमध्ये सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्याच्या मागे वायरच नसते. मैदानात जनरेटर, जमीन ओली, एक्स्टेन्शन बोर्ड कुणी जोडलाय माहीत नाही. त्यामुळे दोन्ही अ‍ॅम्प आणि पेडलबोर्ड एकाच चांगल्या थ्री-पिन बोर्डावर घ्या. गुणगुण तेवढ्याने बरीच कमी होते. तरी राहिली, तर आत ट्रान्सफॉर्मर असलेला आयसोलेटेड एबीवाय बॉक्स घ्या. तो फक्त सिग्नलचा रस्ता तोडतो, अर्थिंग दोन्हीकडे शाबूत राहतं. दुसऱ्या अ‍ॅम्पच्या बजेटमध्ये या बॉक्सचे पैसे धरलेले नसतील, तर बजेट चुकलंय असं समजा. आणि बॅगेत एक साधा मल्टिमीटर ठेवा. एसी व्होल्टवर लावून एक टोक माइकच्या जाळीला, दुसरं गिटारच्या तारेला. काटा किंवा आकडा शून्याच्या आसपास असेल तर गा. पाच-दहा व्होल्टच्या वर दिसला, तर आधी इलेक्ट्रिशियन, मग गाणं. ऑर्गनायझर घाई करू देत, तोंड वाकडं करू देत.

शेजाऱ्यांचाही विचार करा. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र १० वाजता सुरू होते. दिवसाचे ५५ म्हणजे साध्या आवाजात मारलेल्या गप्पा. म्हणून घरासाठी दोन छोटे अ‍ॅम्प एका राक्षसापेक्षा शहाणे. स्टिरिओला मोठा आवाज लागतच नाही, हळू आवाजातही ती रुंदी कळते. अजून अ‍ॅम्प घेतलाच नसेल, तर आधी ऑडिओ इंटरफेस, कंप्युटरवरचं फुकट अ‍ॅम्प सॉफ्टवेअर आणि हेडफोन एवढ्यावर हे सगळं करून बघा. एवढंच ध्यानात ठेवा, की हेडफोनमध्ये डावं फक्त डाव्या कानात जातं, खोलीत दोन्ही अ‍ॅम्प दोन्ही कानांना ऐकू येतात. त्यामुळे हेडफोनमध्ये आभाळभर वाटलेला आवाज खोलीत अर्धा होतो.

आणि फेस्टच्या मैदानात? तिथे पीए बहुतेकदा मोनोच चालवतात आणि त्यात साउंडवाल्या दादांचा आळस नसतो. मैदानाच्या डाव्या टोकाला उभ्या असलेल्या पोरांना उजवा स्पीकर ऐकूच येत नाही. तुम्ही सोलो उजवीकडे टाकलात, तर अर्ध्या पब्लिकसाठी तुम्ही नुसते हातवारे केलेत. 'शोले'चंसुद्धा तेच झालं होतं. बहुतेक गावांत तो ३५ एमएमच्या साध्या प्रिंटवर, एकाच स्पीकरच्या आवाजात पोचला. तरी लोकांना संवाद पाठ झाले, कारण मूळ माल पक्का होता. तुमचा आवाजही आधी मोनोमध्ये उभा राहायला हवा. घरी रेकॉर्ड करा, फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा आणि ऐका. कोरस विचित्र झाला, गिटार मागे गेली, तर रचना बदला.

स्टेजवर कोऱ्या अ‍ॅम्पचा माइक मधोमध ठेवायला सांगा. इफेक्टवाल्याचा माइक वेगळ्या चॅनलवर द्या आणि दादांना सांगा, की मैदान मोनो असेल तर हा थोडासाच वर घ्या. साउंडचेकला बँडमधल्या कुणालातरी खाली पाठवा. आधी डाव्या टोकाला, मग उजव्या, मग मागे चहाच्या स्टॉलपाशी. तिथून त्याला तुमचा सोलो ऐकू आला, की दुसरा अ‍ॅम्प हळूहळू वाढवायला घ्या.