पुण्याचे मालक, ब्लॅकबर्नचा राग

पुण्यात सिंहगड रस्त्यावर मुख्यालय असलेल्या, कुक्कुटपालनाच्या धंद्यातल्या वेंकीज समूहाच्या मालकीचा इंग्लंडमध्ये एक फुटबॉल क्लब आहे, हे बऱ्याच पुणेकरांना ठाऊक असतं. त्या क्लबाचे चाहते इतकी वर्षं याच मालकांविरुद्ध घोषणा का देतात, हे मात्र थोड्यांनाच नीट माहीत असतं. नोव्हेंबर २०१० मध्ये वेंकीजने ब्लॅकबर्न रोव्हर्स सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला आणि क्लबवरचं कर्जही स्वीकारलं. प्रीमियर लीगमधला क्लब घेणारी ही पहिली भारतीय कंपनी. दीड वर्षात क्लब प्रीमियर लीगबाहेर फेकला गेला आणि तेव्हापासून तिथे परतलेला नाही. या प्रकरणाबद्दल आपल्याकडे एका तऱ्हेचे गैरसमज आहेत आणि ब्लॅकबर्नमध्ये दुसऱ्या तऱ्हेचे. दोन्ही दूर व्हायला हवेत, कारण हा क्लब साधासुधा नाही. १८७५ चा जन्म, १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक, सहा वेळा एफए कप आणि १९९५ मध्ये प्रीमियर लीगचं विजेतेपद. जेमतेम सव्वा लाख वस्तीच्या, एकेकाळी कापडगिरण्यांवर जगलेल्या गावाने हे मिळवलं आहे.

“मालकांनी पैसाच घातला नाही.”

ब्लॅकबर्नच्या स्टँडमध्ये हे वाक्य खूप ऐकू येतं, पण ते खरं नाही. क्लबचे ताळेबंद पाहिले तर मालक कंपनीने आजवर २० कोटी पौंडांहून अधिक रक्कम आत ओतल्याचं दिसतं. क्लब खाली घसरल्यावर, २०१२ च्या ऑगस्टमध्ये, जॉर्डन ऱ्होड्स या स्ट्रायकरसाठी सुमारे ८० लाख पौंड मोजले गेले. दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबासाठी ही रक्कम मोठी होती. या दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, अनेक क्लबांचा पगारखर्चच एकूण उत्पन्नाहून जास्त असतो. मालकाने दरवर्षी खड्डा भरला नाही तर दिवाळं ठरलेलं. वेंकीजने हा खड्डा वर्षानुवर्षं भरला आहे.

आणि मालकाच्या मनात आलं म्हणून हवे तेवढे पैसे घालताही येत नाहीत. चॅम्पियनशिपमधल्या क्लबाला तीन वर्षांत ३ कोटी ९० लाख पौंडांपलीकडे तोटा दाखवता येत नाही. तोट्याचे तेव्हाचे नियम मोडल्याबद्दल डिसेंबर २०१४ मध्ये ब्लॅकबर्नवर खेळाडू विकत घेण्याची बंदीही आली होती.

२०२३ पासून आणखी एक अडचण उभी राहिली. परकीय चलन कायद्याखाली अंमलबजावणी संचालनालयाची चौकशी सुरू असल्यामुळे इंग्लंडला पैसे पाठवण्यासाठी कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागली. चौकशी म्हणजे दोष सिद्ध झाला असं नव्हे. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये क्लबच्याच अकादमीत वाढलेला अॅडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला विकला गेला, तेव्हा चाहत्यांनी दोन्ही गोष्टी एकत्र जोडल्या. चार-पाच महिन्यांत तो पोरगा इंग्लंडच्या युरो संघात होता.

“एवढा पैसा घातला, मग तक्रार कसली?”

हा प्रश्न आपल्याकडचा. याचं उत्तर क्लबच्या बोर्डरूममध्ये आहे.

ताबा घेऊन महिनाही झाला नव्हता, तोच १३ डिसेंबर २०१० रोजी मॅनेजर सॅम अॅलरडाइस यांना काढलं गेलं. संघ तेव्हा तेराव्या स्थानावर होता, म्हणजे संकटात नव्हता. त्यांच्या जागी आलेले स्टीव्ह कीन यांनी तोवर एकाही वरिष्ठ संघाची सूत्रं सांभाळली नव्हती. खेळाडूंच्या खरेदीत एका एजंटच्या कंपनीचा सल्ला घेतला जाऊ लागला. क्लब वर्षानुवर्षं चालवणाऱ्या संचालकांनी मालकांना लिहिलेलं पत्र पुढे बाहेर आलं. एवढ्या मोठ्या निर्णयाआधी आम्हाला विचारलंच नाही, अशी त्यात तक्रार होती. चेअरमन जॉन विल्यम्स २०११ च्या सुरुवातीला बाहेर पडले, त्यांच्या पाठोपाठ व्यवस्थापकीय संचालक टॉम फिन गेले. इंग्लिश फुटबॉलमध्ये आदराने घेतली जाणारी ही दोन नावं होती. माझ्या मते क्लबची घसरण त्या दोन राजीनाम्यांपासूनच सुरू झाली. मैदानावर ती दिसायला वर्ष लागलं, इतकंच.

त्या वर्षभरात रोनाल्डिन्योला आणण्याची भाषा झाली. खेळाडूंना ड्रेसिंग रूममध्ये चिकन खाताना दाखवणारी जाहिरात आली. ऑक्टोबर २०११ मध्ये, संघ तळाशी झगडत असताना, त्याला पुण्यात आणून बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळवला गेला. आपल्याकडच्या फुटबॉलप्रेमींना त्या संध्याकाळी प्रीमियर लीगचा संघ जवळून पाहायला मिळाला, त्याचा आनंद खराच होता. ब्लॅकबर्नच्या माणसाला मात्र मोसमाच्या ऐन मध्यात आपला संघ जाहिरातीसाठी फिरवला जातोय असं वाटलं, आणि त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. मे २०१२ मध्ये घरच्या मैदानावर विगनकडून हरून संघ खाली गेला. त्या सामन्यात कोणीतरी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. बिचाऱ्या पक्ष्याचे हाल झाले, पण इंग्लंडच्या प्रत्येक घरात ब्लॅकबर्नची बातमी पोचली.

पुढचा मोसम आणखी वाईट गेला. कीन सप्टेंबरमध्ये गेले, हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकले, मायकेल अॅपलटन ६७ दिवस. बर्ग यांनी करारातल्या भरपाईसाठी दावा लावला. क्लबने देणं आधी मान्य केलं आणि नंतर भूमिका बदलली. व्यवस्थापकीय संचालकांनी तो करार अधिकाराबाहेर जाऊन केला होता, असं आता त्याचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही आणि सुमारे २२ लाख ५० हजार पौंड द्यावे लागले. मॅनेजरचा करार करण्याचा अधिकार कोणाला, हेच क्लबला न्यायालयापुढे धड सांगता येत नव्हतं. चाहत्यांचा राग समजून घ्यायचा असेल तर हा एक खटला वाचला तरी पुरे. पैसा पुण्याहून येत होता, पण निर्णय कोण घेतंय आणि जाब कोणाला विचारायचा, हे क्लबच्या ईवूड पार्क मैदानावर बसणाऱ्या कोणालाच कळत नव्हतं.

२०१७ मध्ये रोव्हर्स तिसऱ्या श्रेणीत घसरले. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबावर ही वेळ पहिल्यांदाच आली. मॅनेजर टोनी मोब्रे यांना थोडा वेळ आणि मोकळीक मिळाली तेव्हा वर्षभरात संघ परत वर आला, आणि ते गेल्यानंतर, २०२३ मध्ये, तर प्ले-ऑफची जागा केवळ गोलफरकाने हुकली. त्याच पैशात, त्याच मालकांखाली हे घडलं.

“हा गोऱ्यांचा भारतीय मालकांवरचा राग आहे.”

परदेशात आपल्या माणसावर टीका झाली की हा विचार पटकन मनात येतो. वंशद्वेषी शेरे इंग्लिश मैदानांवर असतात, ते कोणी झाकू नये. पण शेजारच्या गावांकडे पाहावं. ब्लॅकपूलचे माजी मालक ऑयस्टन कुटुंब लँकेशायरमधलंच; त्यांच्याविरुद्ध चाहत्यांनी वर्षानुवर्षं मैदानावर पाऊल ठेवलं नाही. बरी हा क्लब इंग्लिश मालकाच्याच हाती होता. त्याच्या काळात, ऑगस्ट २०१९ मध्ये, तो लीगमधून हाकलला गेला आणि चाहते रडत मैदानाबाहेर उभे राहिले. मँचेस्टर युनायटेडचे चाहते अमेरिकी ग्लेझर कुटुंबाविरुद्ध २००५ पासून लढताहेत. शिवाय गावही नुसतं गोऱ्यांचं नाही: ब्लॅकबर्न परिसरातली एक तृतीयांशाहून जास्त वस्ती दक्षिण आशियाई मुळांची आहे, गुजरातमधून गेलेली कितीतरी घरं त्यात आहेत.

“मैदान रिकामं ठेवलं की मालक वाकतो.”

ब्लॅकपूलचं उदाहरण देऊन हे सांगितलं जातं. तिथल्या बहिष्काराने चाहत्यांची एकी टिकवली, ही मोठी गोष्ट होती. मालकांचं आसन मात्र न्यायालयाने हलवलं. भागीदार वालेरी बेलोकॉन यांना ३ कोटी १० लाख पौंड देण्याचा आदेश २०१७ मध्ये झाला, ते पुरे फेडले गेले नाहीत, आणि २०१९ मध्ये रिसीव्हर नेमला गेला. ब्लॅकबर्नला असा दुखावलेला भागीदार नाही. ३१ हजारांचं ईवूड पार्क अनेक वर्षं निम्म्याहून अधिक रिकामं राहिलं आहे, तरी मालक बदललेले नाहीत. तिकिटांचं उत्पन्न मालकांच्या भरण्यापेक्षा कमी असेल तर बहिष्काराची झळ आधी क्लबाला लागते.

“मालकांची चाचणी होते, मग असे मालक येतातच कसे?”

लीगची मालक-संचालक चाचणी मुख्यतः गुन्हे, दिवाळखोरी, खोटी माहिती अशा गोष्टी पाहत आली आहे. तुम्हाला फुटबॉल कळतं का, हे तिने कधी विचारलं नाही. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये फुटबॉल प्रशासन कायदा झाला आणि वरच्या पाच श्रेणींसाठी स्वतंत्र नियामक आला. मालकाची पात्रता आणि पैशाचा स्रोत तो तपासेल. मैदान विकणं, बोधचिन्ह बदलणं, रंग बदलणं यांना अटकाव करील. चाहत्यांशी सल्लामसलत बंधनकारक झाली आहे. निकाल वाईट लागले किंवा मॅनेजर चुकीचा निवडला म्हणून मात्र हा नियामक मालकाला काढणार नाही.

“जॅक वॉकरसारखा गावचा माणूस हवा, नाहीतर चाहत्यांनीच क्लब चालवावा.”

क्लबचे जुने मालक वॉकर यांच्यावर ब्लॅकबर्नचं प्रेम आहे आणि ते रास्त आहे. पोलादाच्या धंद्यात कमावलेला पैसा त्यांनी गावात आणला, मॅनेजर केनी डाल्ग्लिश आणि स्ट्रायकर अॅलन शिअरर यांना आणलं, स्टेडियम नव्याने उभं केलं. पण एका माणसाच्या थैलीवर क्लब जगवण्याची सवयही तेव्हाच लागली. २००० मध्ये ते गेले. दहा वर्षांनी वेंकीजला क्लब विकणारा ट्रस्ट त्यांच्याच कुटुंबाचा होता.

चाहत्यांच्या मालकीबद्दलही भाबडेपणा नको. पोर्ट्‌समथ चाहत्यांनी २०१३ मध्ये वाचवला, नीट चालवला, आणि २०१७ मध्ये स्वतःच मतदान करून अमेरिकी उद्योजक मायकेल आयझनर यांना विकला, कारण जुनाट स्टेडियमला लागणारा पैसा त्यांच्याकडे नव्हता. बार्सिलोना सभासदांचाच क्लब आहे, तरी त्याचं कर्ज एक अब्ज युरोंच्या वर गेलं. जर्मनीत बहुमताची मतं सभासदांकडेच राहतील असा नियम आहे आणि तिथे तो रुजला, पण १९९८ मध्ये क्लबांना कंपन्या होऊ देतानाच तो घातला गेला. इंग्लंडमध्ये विकून झालेले क्लब आता त्या नियमाखाली आणायचे तर कोट्यवधींचे शेअर कोणाला तरी विकत घ्यावे लागतील.

ब्लॅकबर्नलाही हाच प्रश्न आहे. दरवर्षी कोट्यवधी पौंडांचा तोटा गिळणारं गिऱ्हाईक सहज मिळत नाही, आणि मिळालं तर ते वेंकीजपेक्षा बरं असेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. पण विक्रीची वाट न पाहता पुण्यातून उद्या सकाळी करता येईल असं बरंच आहे. लँकेशायरमध्ये राहणारा, फुटबॉलमध्ये मुरलेला स्वतंत्र चेअरमन नेमावा. मॅनेजर आणि खेळाडू यांचे निर्णय कोणाच्या सहीने होतील ते लिहून जाहीर करावं. २०२५ मध्ये महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून मागे घेतला, तसे निर्णय होण्याआधी चाहत्यांना समोर बसवून हिशेब दाखवावा. आणि वेंकीजच्या मालक राव-देसाई कुटुंबातल्या कोणीतरी मोसमात एक-दोनदा तरी ईवूडला जाऊन, लोकांमध्ये बसून सामना पाहावा.