नोकरी सांभाळून गणवेश : टीए, होमगार्ड आणि पोलीस

वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडे पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या मुलांच्या डोक्यात आणखी एक विचार घोळत असतो. पोलिसात लागलो तर वर्षातून काही महिने फौजेतही जाता येईल का? एका अंगावर दोन गणवेश, खाकीही आणि ऑलिव्ह ग्रीनही. अमेरिकेत हे चालतं. तिथे कित्येक पोलीस नॅशनल गार्ड या अर्धवेळ फौजेत असतात आणि त्यांची नोकरी राखून ठेवण्यासाठी १९९४ पासून स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे मात्र नियम वेगळा आहे. तो नीट समजून घेतला नाही तर उमेदीची दोन-तीन वर्षं हकनाक जातात.

आपल्याकडे अर्धवेळ फौज म्हणजे प्रादेशिक सेना. सगळे तिला टीए म्हणूनच ओळखतात. तिचा कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं, म्हणून टीएचा दिवस ९ ऑक्टोबरला साजरा होतो. कल्पना अशी की माणसाचा पोटापाण्याचा स्वतःचा व्यवसाय असावा, वर्षातून ठरावीक काळ त्याने प्रशिक्षण घ्यावं आणि देशाला गरज पडली की बंदूक उचलावी. म्हणून तर कमाईचं साधन असणं ही अधिकारी होण्यासाठी अट आहे. वयोमर्यादा १८ ते ४२. अधिकाऱ्याला पदवी लागते, शिवाय लेखी परीक्षा आणि मग सेवा निवड मंडळाची (एसएसबी) मुलाखत. महाराष्ट्रात पुणे आणि कोल्हापूरला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या टीए बटालियन आहेत. वर्धेकरांना जवळचं नाव म्हणजे ११८ इन्फन्ट्री बटालियन (टीए) ग्रेनेडियर्स, कारण नागपूरच्या सीताबर्डी किल्ल्याशी ते बरीच वर्षं जोडलेलं आहे.

वर्षाला दोन महिने प्रशिक्षण, हा हिशेब कागदावरचा. बटालियन ‘एम्बॉडी’ झाली, म्हणजे प्रत्यक्ष सेवेसाठी बोलावली गेली, की तो हिशेब संपतो आणि जवान पूर्णवेळ फौजी होतो. त्याला काश्मीरही लागू शकतं, ईशान्य भारतही. मे २०२५ मध्ये केंद्राने लष्करप्रमुखांना टीए बोलावण्याचे अधिकार दिले, तेव्हा ३२ पैकी १४ इन्फन्ट्री बटालियनचा त्यात उल्लेख होता. ‘अर्धवेळ’ या शब्दावर विसंबून घरच्यांना शब्द देण्याआधी हे त्यांना सांगून ठेवलेलं बरं.

आता पोलिसांबद्दल. टीएच्या अधिकारी भरतीच्या जाहिरातीत पात्रतेच्या अटींमध्येच लिहिलेलं असतं की नियमित सैन्यदलं, पोलीस, निमलष्करी आणि तत्सम दलांत सध्या सेवेत असलेल्यांना अर्ज करता येत नाही. मला हा नियम योग्य वाटतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २८ प्रमाणे पोलीस कायम कर्तव्यावर असल्याचं मानलं जातं. सुट्टीच्या दिवशी घरी जेवायला बसलेला शिपाईसुद्धा कायद्याच्या नजरेत ड्युटीवरच असतो. शिवाय सीमेवर तणाव वाढला की टीएला बोलावणं येतं आणि त्याच दिवशी ठाण्यालाही माणसं हवी असतात. आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा. मोहाच्या दारूच्या भट्ट्यांवरचे छापे, सणांचा बंदोबस्त, निवडणुका यातच ठाण्याचं मनुष्यबळ पुरत नाही. त्यातला एक जण वर्षभर काश्मीरला गेला तर त्याची पाळी दुसऱ्याच्याच डोक्यावर येते.

मग दुसऱ्या बाजूने या. नोकरी दुसरीच आणि अर्धवेळ गणवेश पोलिसांच्या सोबतीचा, ही सोय होमगार्डमध्ये आहे. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत हे दल उभं राहिलं, तेव्हा मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते. १९४७ च्या कायद्याप्रमाणे कर्तव्यासाठी बोलावलेल्या होमगार्डला पोलिसाचेच अधिकार आणि तेच संरक्षण मिळतं. वय २० ते ५०, शिक्षण दहावी, नेमणूक तीन वर्षांची आणि पुढे वाढवता येणारी. पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर धावावं लागतं.

समजा, हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये काम करणारा एक तरुण तालुका पथकात आहे. आठवड्याला कवायत असते. गिरडच्या दर्ग्याची यात्रा, गणपती विसर्जन किंवा मतदान आलं की पथकाचा निरोप येतो, नेमून दिलेल्या ठाण्यात हजेरी लागते, काठी-शिट्टी घेऊन नाक्यावर उभं राहायचं. पगार नाही. मानसेवी काम, मिळतो तो कर्तव्य भत्ता. तो ऑक्टोबर २०२४ मध्ये ५७० वरून १०८३ रुपये रोज झाला. पण भत्ता फक्त बोलावलेल्या दिवसांचाच असतो, म्हणून त्यावर घर चालवायचा बेत करू नये. खासगी नोकरी असेल तर भरतीच्या वेळी मालकाचं ना हरकत पत्र मागतात. ते तोंडी मान्य झालं म्हणून थांबू नका. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह घ्या. ऐन हंगामात बंदोबस्त लागला की जिनिंगच्या मुकादमाशी वाद होतोच आणि तेव्हा हाच कागद उपयोगी पडतो.

टीएवाल्याला याहून भक्कम आधार आहे. टीए कायद्याच्या कलम ७अ प्रमाणे लष्करी सेवा संपवून परतलेल्याला पूर्वीपेक्षा कमी दर्जाची नसलेली नोकरी परत देणं मालकाचं कर्तव्य आहे. नकार दिल्यास पुन्हा कामावर घेण्याचा किंवा जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई देण्याचा आदेश होऊ शकतो. मात्र हे सिद्ध करायला कागद लागतो. बोलावण्याचा आदेश आला की त्याची प्रत जोडून अर्ज द्यायचा आणि स्वतःजवळच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्यायचा.

राहिला प्रश्न या दोन्ही सेवांतून पोलिसात जाण्याचा. महाराष्ट्र पोलीस भरतीत तीन वर्षं सेवा झालेल्या होमगार्डना ५ टक्के आणि माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. इथे टीएवाले फसतात. केंद्राच्या व्याख्येत टीएचा प्रत्येक जवान माजी सैनिक ठरत नाही. प्रत्यक्ष सेवेचं निवृत्तिवेतन मिळणारे, लष्करी सेवेमुळे अपंगत्व आलेले आणि शौर्यपदक विजेते एवढेच त्यात बसतात. चार-दोन वर्षं टीएत राहून १५ टक्क्यांत शिरू, हा हिशेब चुकीचा आहे. पुलगावच्या दारूगोळा भांडारावर पहारा देणारे जवानही अनेकांना टीएचे वाटतात. ते डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे, बहुतेक फौजेतून निवृत्त होऊन पुन्हा भरती झालेले. 

क्रम लावताना वयाकडे पाहा. पोलीस शिपाई भरतीला खुल्या गटात २८ पर्यंतच संधी आहे, मागासवर्गीयांना ३३ पर्यंत. म्हणून आधी जोर पोलीस भरतीवर लावावा आणि सोबत विसाव्या वर्षापासून होमगार्डमध्ये नाव घालावं, म्हणजे तेविसाव्या वर्षी ५ टक्क्यांचा दावाही हातात येतो. पोलिसात निवड झाली तर टीएचा विषय तिथेच संपला. नाही झाली आणि दुसरी बरी नोकरी लागली, तर टीएसाठी ४२ पर्यंत वेळ आहे.