स्वमग्न मूल आणि मूळपेशींचा उपाय

अडीच-तीन वर्षांचे मूल हाक मारल्यावर वळून पाहत नाही, नजरेला नजर देत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही. ऐकू मात्र नीट येते. अशा मुलाला स्वमग्नता म्हणजे ऑटिझम असू शकतो.

अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर कित्येक वर्षे आईच्या मायेत कमतरता असल्याने हा विकार होतो, असे खुद्द डॉक्टरच सांगत. ते निराधार ठरले, पण तोवर असंख्य मातांनी बोल सोसले. १९९८ साली इंग्लंडमधील डॉ. वेकफिल्ड यांनी बारा मुलांवरील लेखात गोवराच्या लसीकडे बोट दाखविले. २०१० साली तो लेख मागे घेतला गेला. दरम्यान अनेक पालकांनी लस टाळली. संशोधनातील खोट अशी घराघराला भोवते.

आता पालक मूळपेशींविषयी, म्हणजे स्टेम सेल उपचाराविषयी, विचारतात. मुंबईचे नातेवाईक मोबाइलवर जाहिराती पाठवितात. यात मुलाला भूल देऊन कमरेच्या हाडातून मगज काढतात, त्यातील पेशी वेगळ्या करून पाठीच्या मणक्यात टोचतात. खर्च लाखांत जातो. त्यासाठी कोणी दागिने मोडतो, कोणी कलमे गहाण टाकायला निघतो.

"पण शेजारच्या मुलाला फरक पडला ना!" असे सांगितले जाते. स्वमग्न मूल वयाबरोबर थोडेफार सुधारतेच. शिवाय या केंद्रांत वाचा-उपचार आणि व्यायामही सोबत दिले जातात. मग गुण कशाचा? हे ठरवायचे तर उपचार मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची काटेकोर तुलना हवी. असा भक्कम पुरावा अद्याप नाही. भूल आणि जंतुसंसर्ग यांचा धोका मात्र खरा आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताचे काही ठरावीक विकार वगळता मूळपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळानेही डिसेंबर २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस नाकारली. तो देणे वा त्याची जाहिरात करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले.

मग संशोधन करूच नये काय? जरूर करावे. पण खऱ्या संशोधनात पालकांकडून पैसे घेत नाहीत, नीतिमत्ता समितीची परवानगी असते, धोके मराठीत समजावून मगच सही घेतात, आणि केव्हाही बाहेर पडता येते. मूल स्वतः बोलू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने होकार देताना अधिक सावध राहावे. पैसे भरा आणि प्रयोगही करून घ्या, असे कोणी म्हणाले तर तेथून उठावे.

लवकर निदान, वाचा-उपचार, रोजच्या कामांचे शिक्षण आणि घरच्यांची चिकाटी यांचा उपयोग होतो. जिल्हा शासकीय रुग्णालयात तपासणीची चौकशी करावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. त्यासाठी प्रमाणपत्र काढून घ्यावे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो.

आणि आप्तेष्टांना एक विनंती. अशा घरी गेल्यावर नवा उपाय सुचविण्यापेक्षा तासभर मूल सांभाळा. त्या आईला तेवढीच विश्रांती मिळेल.