अंकीय झूम

कॅमेऱ्यातील भिंगांची रचना न बदलता, संवेदकावर उमटलेल्या चित्राचा मधला भाग निवडून तो गणनेने मोठा करण्याची रीत. व्यवहारात ती ‘डिजिटल झूम’ या नावाने ओळखली जाते. छोट्या कॅमेऱ्यांत ती बहुधा प्रकाशीय झूमच्या जोडीला दिलेली असते. कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर दोहोंचा परिणाम सारखाच भासतो. तथापि त्यांतील भेद मूलभूत आहे.

तत्त्व : प्रकाशीय झूममध्ये भिंगे सरकून केंद्रांतर वाढते. त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा संवेदकाच्या अधिक क्षेत्रावर पसरते व अधिक पिक्सेल, म्हणजे प्रकाश मोजणारे सूक्ष्म घटक, तिची नोंद करतात. अंकीय झूममध्ये कडेच्या पिक्सेलांची नोंद टाकून दिली जाते आणि उरलेल्यांच्या दरम्यान नवे पिक्सेल घालून त्यांची मूल्ये शेजाऱ्यांवरून अंतर्वेशनाने ठरविली जातात. चित्राचा आकार वाढतो. माहिती वाढत नाही. ४,००० × ३,००० म्हणजे १·२ कोटी पिक्सेलांच्या चित्रात दुप्पट अंकीय झूम केल्यास ३० लाख, तर चौपट केल्यास केवळ ७·५ लाख पिक्सेलांची मूळ नोंद उरते.

उदाहरण : सातारा जिल्ह्यातील शिरवळच्या पूर्वेस नीरा नदीवर वीर धरणाचा जलाशय आहे. अशा जलाशयाच्या काठावरून १०० मी. अंतरावरील पट्टकादंब हा हिवाळी पाहुणा टिपावयाचा आहे, असे समजू. पक्ष्याची लांबी सु. ७५ सेंमी. असते. त्या अंतरावर कॅमेऱ्याचे दृष्टिक्षेत्र ३६ मी. रुंद असल्यास वरील संवेदकाचा एक पिक्सेल ९ मिमी. भाग व्यापतो आणि संपूर्ण पक्षी सु. ८३ पिक्सेलांत सामावतो. त्याची ओळख पटविणारे डोक्यावरील दोन काळे पट्टे जेमतेम एकदोन पिक्सेलांएवढे उरतात. चौपट प्रकाशीय झूमने पक्षी सु. ३३३ पिक्सेल व्यापतो व पट्टे स्पष्ट होऊ शकतात. चौपट अंकीय झूमने पक्षी तितकाच मोठा दिसतो. पण मूळ नोंद ८३ पिक्सेलांचीच राहते. पट्टे पुसट असतील, तर ते मोठे होऊनही पुसटच राहतात.

उपयोग व मर्यादा : अंकीय झूम सर्वस्वी निरुपयोगी नाही. चौकट आखणे त्यामुळे सोपे जाते. काही कॅमेऱ्यांत प्रकाशमापन व केंद्रीकरण निवडलेल्या भागापुरते होते. चित्र संपीडित होण्यापूर्वीच भाग निवडला गेल्यास, संपीडित चित्र नंतर कापून मोठे करण्यापेक्षा फळ किंचित बरे मिळते. लहान आकाराचेच चित्र हवे असल्यास, अंतर्वेशन न करता केवळ मधला भाग घेता येतो व हानी होत नाही. उलट, छपाईसाठी दर सेंमी.ला सु. १२० पिक्सेल धरल्यास दुप्पट झूमचे चित्र सु. १७ सेंमी., तर चौपटीचे सु. ८ सेंमी. रुंदीपर्यंतच रेखीव राहते. शिवाय कापून टाकलेला भाग परत मिळत नाही.

गूगल कंपनीच्या २०१८ मधील पिक्सेल ३ या मोबाइलमध्ये, हाताच्या सूक्ष्म कंपामुळे किंचित सरकलेली अनेक चित्रे एकत्र करून खरा तपशील मिळविण्याची पद्धत वापरण्यात आली. येथे वाढीव माहिती प्रत्यक्ष दृश्यातूनच येते. यांत्रिक शिक्षणावर आधारलेल्या काही पद्धती मात्र, पूर्वी शिकविलेल्या चित्रांवरून संभाव्य तपशील भरतात. असे चित्र डोळ्यांना रेखीव वाटले, तरी पक्ष्याची नोंद, झिजलेला शिलालेख किंवा अपघातातील वाहनाचा क्रमांक यांसाठी ते पुरावा म्हणून स्वीकारणे धोक्याचे ठरते.

म्हणून प्रथम शक्य तितके जवळ जावे, नंतर प्रकाशीय झूम पूर्ण वापरावा आणि मूळ चित्र जपून ठेवून आवश्यक तो भाग मागाहून कापावा, हा क्रम हितावह होय. दुसरा उपाय नसेल किंवा चित्र लहान पडद्यावरच पाहावयाचे असेल, तेव्हा दुपटीपर्यंतचा अंकीय झूम सामान्यतः चालण्याजोगा असतो.