लष्कराच्या पेटीचे फिरते घर



टाकाऊतून चालते करणे ही आपल्या घराची जुनी रीत आहे. मोटारीचे जुने टायर बैलगाडीला लागतात, तेलाच्या रिकाम्या पिंपात धान्य राहते, आणि फाटलेल्या ताडपत्रीचे चार तुकडे चार ठिकाणी उपयोगी पडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर डिस्पोजलच्या लिलावात निघालेल्या लष्करी जीपा आणि ट्रक आपल्याकडेही लोकांनी घेतले आणि वर्षानुवर्षे वापरले. आज अशाच एका मोडीत निघालेल्या वस्तूची गोष्ट सांगायची आहे. वस्तू अमेरिकेची आहे, पण तिच्यात शिकण्यासारखे जे आहे ते आपल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत येते.

पेटी होती कशाची?

अमेरिकन सैन्याला रणांगणावर बिनतारी संदेशाची यंत्रे न्यावी लागत. ही यंत्रे नाजूक. त्यांना धूळ, पाऊस, हादरे चालत नाहीत. म्हणून सैन्याने ॲल्युमिनियमच्या मोठ्या पेट्या करून घेतल्या. त्यांतल्या एका नमुन्याचे नाव एस-२५०. ही पेटी सव्वा टनी लष्करी ट्रकच्या हौद्यात बसते. १९८० च्या दशकात शेवरोलेच्या पिकअपचा एम-१०२८ नावाचा लष्करी प्रकार तर अशी पेटी वाहण्यासाठीच काढला होता. याहून मोठ्या पेटीचे नाव एस-२८०. ती अडीच टनी ट्रकवर बसते.

एस-२५० बाहेरून सुमारे सव्वासात फूट लांब आणि साडेसहा फूट रुंद असते. रिकामी पेटी साडेतीनशे किलोच्या आसपास भरते. आत उभ्या माणसाची मान वाकते, कारण आतली उंची जेमतेम सव्वापाच फूट. भिंत म्हणजे ॲल्युमिनियमचे दोन पत्रे आणि मध्ये फोम. आपल्या भाकरीला दोन पापुद्रे असतात ना, तसेच. फक्त इथे मधली जागा फोमने भरलेली असते. त्यामुळे भिंत वजनाला हलकी आणि तरी मजबूत. चारही कोपऱ्यांवर क्रेनने उचलण्यासाठी कड्या असतात. दार मागच्या बाजूला, आणि त्याला भोवती घट्ट बसणारी पट्टी. आतल्या यंत्रांच्या लहरी बाहेर जाऊ नयेत आणि बाहेरच्या आत येऊ नयेत, म्हणून हा बंदोबस्त.

पुढे यंत्रे बदलली, लहान झाली. जुन्या पेट्या सैन्याला नकोशा झाल्या आणि लिलावात निघाल्या. पिकअप बाळगणाऱ्या लोकांच्या मनात आले, की यात एक बिछाना, एक चूल आणि एक खिडकी केली तर रानात मुक्कामाला घर तयार! तिकडे नवे फिरते घर विकत घ्यायचे तर मोठी रक्कम पडते. ही पेटी त्या मानाने स्वस्त. शिवाय ती हौद्यातून उतरवता येते. काम झाले की गाडी पुन्हा मालवाहतुकीला मोकळी.

आधी वाजवून पाहा

लिलावातला माल स्वस्त असतो, पण तो ‘जसा आहे तसा’ असतो. जाणकार माणूस पेटी घेताना काय करतो? आपण कलिंगड वाजवून पाहतो तशी तो भिंत बोटाच्या पेराने ठोकून पाहतो. सगळीकडे एकसारखा आवाज आला तर पत्रा फोमला धरून आहे. कुठे पोकळ, फडफडता आवाज आला तर तिथे पत्रा सुटला आहे. मग तो खालचे कोपरे आणि जुन्या बोल्टांची भोके पाहतो. तिथून पाणी शिरले असेल तर फोम भिजून जड होतो, आणि एकदा भिजलेला फोम बंद भिंतीत सुकत नाही. म्हणून शक्य असेल तर वजनकाट्यावर पेटी तोलून घेणे शहाणपणाचे. वजन फार जास्त भरले तर आत पाणी आहे असे समजावे.

जुन्या लष्करी रंगात शिसे किंवा क्रोमेट असू शकते. तो रंग कोरडा घासून धूळ उडवणे अंगाशी येते. ओल्या पॉलिश पेपरने घासावा, तोंडाला चांगला मास्क लावावा आणि लेकरांना जवळ येऊ देऊ नये. हीच गोष्ट आपल्या जुन्या दारे-खिडक्यांचा रंग खरवडतानाही लक्षात ठेवा.

वजनाचा हिशेब

फिरते घर करणाऱ्यांची पहिली चूक वजनाची. प्रत्येक वस्तू एकेकटी हलकी वाटते. जरा हिशेब मांडून पाहू. रिकामी पेटी ३५० किलो. फळ्या आणि बिछान्यासाठी प्लायवूडचे चार तक्ते ८५ किलो. ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो. दोन मोठ्या बॅटऱ्या ६० किलो. भरलेला गॅस सिलिंडर ३० किलो. खिडकी, पंखा, वायरी ३० किलो. अंथरूण, भांडी, कपडे, शिधा ६० किलो. झाली बेरीज ६९५. त्यात पुढे बसणारी तीन माणसे धरली की पावणेनऊशे किलोच्या आसपास जाते. एक टन वाहणारी गाडी जवळजवळ भरली!

नुसते वजन नव्हे, ते कुठे ठेवले हेही पाहावे लागते. बैलगाडी मागे उलार झाली तर काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. इथेही तोच न्याय. पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या तळाशी, मागच्या आसाच्या पुढे. जड वस्तू वर माळ्यावर ठेवली तर वळणावर गाडी कलते.

उन्हाचा भट्टा आणि थंडीची गळती

पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला उन्हाळा काय असतो ते ठाऊक आहे. फोम असूनही ही पेटी तापते, कारण कडेची ॲल्युमिनियमची चौकट ऊन थेट आत आणते. हिवाळ्यात तीच चौकट गार पडते. मग दोन माणसांच्या श्वासातली वाफ रात्रभर तिच्यावर जमते आणि पहाटे भिंतीला घाम फुटून अंथरूण ओले होते. यावर तीन उपाय केले जातात. छताला पांढरा रंग देणे, आतून चौकटीवर फोमचा थर चढवणे, आणि हवा खेळती ठेवणे. यातला पहिला उपाय आपल्या पत्र्याच्या गोठ्यालाही लागू आहे. वरून पांढरा रंग किंवा चुना दिला तर दुपारी जनावरांना फरक जाणवतो.

खिडकी कापतानाही विचार हवा. चौकटीच्या आडव्या-उभ्या पट्ट्या कापल्या तर पेटीचा ताठपणा जातो. म्हणून दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत भोक पाडतात आणि उघडा पडलेला फोम लगेच बंद करतात, नाहीतर पावसाचे पाणी तिथूनच शिरते. लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियमला थेट लावला तर ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते. म्हणून स्टेनलेस स्टीलचा बोल्ट, खाली नायलॉनचा वायसर आणि सांध्यात सीलंट.

जिवावरची गोष्ट

आता जी गोष्ट सांगतो ती घरातल्या सगळ्यांनी ऐकावी. बाकी काही विसरलात तरी चालेल.

ही पेटी धूळ-पाऊस आत येऊ नये अशी घट्ट बनवली होती. यंत्राला त्याने काही बिघडत नाही, माणसाचे बिघडते. थंडीच्या रात्री कोणी दार लावून आत कोळशाची शेगडी पेटवली, तर कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा घेतो. जागा माणूस असेल तर डोके दुखते, मळमळते, गरगरते. झोपलेल्या माणसाला काहीच कळत नाही, आणि तो सकाळी उठत नाही.

कोळशाचा धूर दिसेनासा झाला, निखारे लाल झाले, म्हणजे धोका टळला असे आपल्याकडे अनेकांना वाटते. तसे मुळीच नाही. लाल निखाराही हा वायू सोडत राहतो. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली अख्खी कुटुंबे दगावल्याच्या बातम्या आपल्या देशात दर हिवाळ्यात येतात. बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी, मळ्यातल्या राखणीच्या खोपटातली घमेल्यातली आग, कोंबड्यांच्या पिलांसाठी पेटवलेली कोळशाची शेगडी, बंद खोलीत चालवलेला जनरेटर, सगळ्यांचा गुण एकच.

म्हणून पेटीत घर करणारे जाणते लोक काय करतात? आत निखाऱ्याची शेगडी कधीच नेत नाहीत. ऊब हवी असेल तर असा हीटर लावतात, की जो जळणाची हवा बाहेरून घेतो आणि धूर नळीने बाहेरच सोडतो. वर एक आणि खाली एक झरोका कायम उघडा ठेवतात. कार्बन मोनॉक्साइडची घंटा मिळते, ती बिछान्याजवळ लावतात.

खालचा झरोका का? स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर वेगळ्या कप्प्यात ठेवतात आणि त्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारे भोक ठेवतात. घरी गॅसचा वास आला तर तुम्हीही आधी दारे-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि विजेच्या बटणाला हात लावू नका, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही.

आणखी एक. लष्करी पेटीचे दार बाहेरून कडीकुलपात बंद होईल असे असते. आत माणसे झोपणार असतील तर ते आतून एका हाताने उघडलेच पाहिजे. शिवाय माणूस बाहेर पडू शकेल एवढी एक खिडकी दुसऱ्या बाजूला हवी. आग दाराशीच लागली तर तीच खिडकी जीव वाचवते.

बंद खोलीत कोणी बेशुद्ध आढळले तर आधी दार सताड उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि वेळ न घालवता प्राणवायूची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. वाचवायला जाणाऱ्यानेही आत थांबू नये.

आपल्याकडे करायचे म्हटले तर

आपल्याकडेही सरकारी खात्यांचा मोडीत निघालेला माल लिलावात येतो. १९६४ साली स्थापन झालेली एमएसटीसी ही सरकारी कंपनी असे लिलाव भरवते, आता ते संगणकावरून होतात. पण एखादी पेटी घेऊन ती गाडीवर कायमची जोडण्याआधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ बांधणीत मनाने बदल करता येत नाही. अपघात झाला तर विम्याचे पैसेही अडकू शकतात. पेटी मळ्यात जमिनीवर ठेवून राखणीची खोली किंवा अवजारांची कोठी केली, तर गाडीच्या कायद्याचा प्रश्नच येत नाही. खाली विटांचा किंवा दगडांचा चौथरा घ्या, म्हणजे तळाला ओल लागणार नाही. दोन झरोके मात्र तिथेही हवेतच.

घर चाकावरचे असो, पत्र्याचे असो की चिरेबंदी वाड्याचे, त्याला हवेची वाट लागतेच. आज रात्री निजण्यापूर्वी एकदा फिरून पाहा. शेगडी कुठे आहे? झरोका उघडा आहे ना? म्हातारी माणसे आणि लेकरे निजतात त्या खोलीपासून सुरुवात करा.