सातारा रस्त्यावरची बसची वाट

साताऱ्याहून किंवा सांगलीहून एस.टी.ने पुण्याला जाणाऱ्यांना कात्रज ते स्वारगेट हा शेवटचा टप्पा चांगलाच ठाऊक आहे. खंबाटकीचा बोगदा ओलांडून भरधाव आलेली गाडी इथे मुंगीच्या पावलाने चालू लागते. शेजारी एकेका माणसाची मोटार, पुढे फटफट्यांचा थवा, मध्येच रिक्षा. आपल्या गाडीत चाळीस माणसे बसलेली. पण वाट मिळण्याचा हक्क तिला एका मोटारीइतकाच! असे का असावे?

पुणेकर या रस्त्याला सातारा रस्ताच म्हणतात. शहरातल्या बससाठी रस्त्याच्या मध्यावर वेगळी वाट राखायची, असा प्रयोग डिसेंबर 2006 मध्ये याच रस्त्यावर सुरू झाला. कात्रज-स्वारगेट-हडपसर हा तो मार्ग, आणि भारतातला तो पहिलाच. लोक त्याला बी. आर. टी. म्हणतात. ही कल्पना मूळची ब्राझील देशातल्या कुरितिबा शहराची. तिथे 1974 सालापासून बस अशा राखीव वाटेने धावू लागल्या.

आता जरा हिशेब करू. मोटारींच्या एका रांगेला साधारण साडेतीन मीटर रुंदी लागते. चौकात सिग्नल असला, की अशा एका रांगेतून तासाला फार तर नऊशे मोटारी जातील. मोटारीत सरासरी दीड माणूस धरा. म्हणजे साडेतेराशे माणसे झाली. तेवढ्याच रुंदीतून दर मिनिटाला साठ माणसांची एक बस सोडली, तर तासाला छत्तीसशे माणसे जातात. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातले इंगित खोटे नाही. रस्त्यावरून वाहने किती गेली हे मोजू नये, माणसे किती गेली हे मोजावे.

बरे, मग रस्त्यावर दोन पट्टे ओढले की काम झाले का? नाही. आपल्याकडच्या पाटाचेच उदाहरण घ्या ना. खोडशीच्या बंधाऱ्यावरून निघालेला कृष्णा कालवा शेवटच्या शेतापर्यंत पोहोचायचा, तर वाटेत कुठेही भगदाड पडून चालत नाही. एके ठिकाणी पाणी फुटले, की टेलचा शेतकरी कोरडाच. बसच्या वाटेचेही तसेच आहे.

पहिली गोष्ट जागेची. वाट कडेला ठेवली, तर दुकानापुढे उभ्या राहिलेल्या गाड्या आणि बोळातून बाहेर पडणारी वाहने तिला अडवतात. म्हणून ती बहुधा मध्यावर असते, आणि इतर वाहने घुसू नयेत म्हणून तिला कठडा लागतो.

दुसरी गोष्ट थांब्याची. समजा, एका दारातून, पायऱ्या चढून चाळीस उतारू बसमध्ये शिरतात. माणशी तीन सेकंद म्हटले तरी दोन मिनिटे गेली! फलाट बसच्या तळाइतका उंच केला, तिकीट थांब्यावरच दिले आणि दोन रुंद दारे एकदम उघडली, तर तेच काम अर्ध्या मिनिटात होते. गाठोडे घेतलेल्या आजीला आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही सरळ आत जाता येते. आपल्याकडे वाहने डाव्या अंगाने चालतात. म्हणून दोन्ही दिशांना मिळून मध्यावर एकच थांबा बांधला, तर बसला उजवीकडेही दार हवे. अहमदाबादेत 2009 साली सुरू झालेल्या सेवेत हीच योजना आहे.

तिसरी गोष्ट चौकाची. उजवीकडे वळणाऱ्या मोटारीला बसची वाट ओलांडावीच लागते. प्रत्येक वळणाला सिग्नलचा वेगळा वेळ देत गेलो, तर सगळेच खोळंबतात. म्हणून काही चौकांत उजवे वळण बंद करून वाहनांना वळसा घ्यायला लावतात.

चौथी गोष्ट सर्वांत मोलाची, आणि तिचाच विसर पडतो. थांबा मध्यावर, म्हणजे प्रत्येक उतारूला अर्धा रस्ता पायी ओलांडणे आले. तिथे सिग्नल हवा, वाहनांचा वेग मोडणारा उंचवटा हवा, धड पदपथ हवा. बसने दहा मिनिटे वाचवली आणि रस्ता ओलांडताना माणूस गमावला, तर तो हिशेब कोणत्या वहीत मांडायचा?

पुण्याच्या पहिल्या प्रयोगात हीच भगदाडे राहिली. वाट जागोजागी तुटली, इतर वाहने आत शिरली, पायी चालणाऱ्यांचे हाल झाले. पुढे या रस्त्याची पुन्हा बांधणी हाती घ्यावी लागली. त्या अनुभवातून शिकून पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये 2015 साली नवे मार्ग अधिक काळजीपूर्वक सुरू झाले. दिल्लीत 2008 साली केलेली वाट मात्र मोटारवाल्यांच्या रोषापुढे टिकली नाही. 2016 साली ती उखडण्यात आली. कोलंबियातल्या बोगोटा शहराने 2000 सालापासून हीच पद्धत शहरभर वाढवत नेली. म्हणजे कल्पना तीच. फरक पडतो तो ती शेवटच्या टोकापर्यंत नेण्यात.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. सांगली-मिरज रस्त्यावर, नाही तर साताऱ्याच्या पोवई नाक्यावर, वरच्या वर्गातल्या मुलांना सुरक्षित जागी तासभर बसवा. वहीत दोन रकाने पाडा. एकात वाहने, दुसऱ्यात त्यांतली माणसे. पायी चालणारे आणि सायकलवाले विसरू नका. मग मुलांनाच विचारा, या रस्त्याची जास्त जागा कोण अडवतो, आणि जास्त माणसे कोण नेतो? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच येते की वेगवेगळे, ते त्या वहीतच दिसेल. आपल्या गावचा रस्ता उद्या रुंद करायची वेळ आली, म्हणजे ती वही उपयोगी पडेल.