सप्ताहाचा हवामान-अंदाज आणि किनारपट्टीवरील ग्रीष्मचर्या

देश, काल, बल, प्रकृती यांचा विचार केल्यावाचून औषध योजू नये, हे आपणा सर्वांस विद्यार्थिदशेपासून मुखोद्गत आहे. यांपैकी प्रकृतीचा विचार आपण नाडी, जिव्हा व प्रश्नपरीक्षेने नित्य करतो. देशाचाही थोडाफार करतो. कालाचा विचार मात्र बहुधा पंचांगातील महिन्यापाशीच थांबतो. भारतीय हवामान विभाग आज गावोगावचा सात दिवसांचा अंदाज प्रसिद्ध करतो. तो वृत्तपत्रांत येतो, २०२० पासून ‘मौसम’ या भ्रमणध्वनीवरील उपयोजनावरही मिळतो. मच्छीमार तो पाहतो, आंबा-बागायतदार पाहतो. वैद्याने तो का व कसा पाहावा, याचा ऊहापोह करण्याचे आम्ही योजिले आहे. उदाहरणादाखल सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले हे लहानसे किनारी गाव डोळ्यांपुढे ठेवू.

पंचांगातील ऋतू आणि अंगणातील ऋतू

अष्टांगहृदयातील क्रमानुसार माघापासून दोन-दोन महिन्यांचे सहा ऋतू धरले, तर चैत्र-वैशाख हा वसंत व ज्येष्ठ-आषाढ हा ग्रीष्म ठरतो. कोकणातील वस्तुस्थिती निराळी आहे. येथे चैत्र-वैशाखात अंगाची लाही होते आणि ज्येष्ठ-आषाढात मुसळधार पाऊस कोसळतो. ‘आता ग्रीष्म लागला, शीत द्रव घ्या’ असे ज्येष्ठात सांगणारा वैद्य भर पावसात रुग्णास पन्हे पाजील. शोधनाच्या दृष्टीने सुश्रुताचार्यांनी दिलेला दुसरा क्रम, ज्यात वैशाख-ज्येष्ठ हा ग्रीष्म व आषाढ-श्रावण हा प्रावृट् मानला आहे, तो कोकणास अधिक जवळचा वाटतो. तथापि तोही दरवर्षी तंतोतंत जुळेलच असे नाही.

अलीकडील दोन घटना पाहाव्यात. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस, ऐन महाशिवरात्रीच्या सुमारास, म्हणजे पंचांगानुसार शिशिर चालू असताना, हवामान विभागाला कोकणच्या काही भागांसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. त्याच वर्षी २५ मे रोजी, वैशाख वद्य पक्षातच, नैऋत्य मोसमी पाऊस सिंधुदुर्गातील देवगडपर्यंत येऊन पोहोचला. एरवी तो जूनच्या पहिल्या आठवड्यात तळकोकणात येतो. शास्त्रकारांनी ऋतूंचे अयोग, अतियोग व मिथ्यायोग सांगितले, ते अशाच प्रसंगांसाठी. ऋतू महिन्यावरून नव्हे, लक्षणांवरून ओळखावा. आणि ती लक्षणे सात दिवस अगोदर कळण्याची सोय आज उपलब्ध आहे.

अंदाजात काय पाहावे ?

सामान्य वाचक प्रथम कमाल तापमान पाहतो. किनाऱ्यावर हा आकडा फसवा ठरतो. वेंगुर्ल्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान बहुधा ३२ ते ३४ अंश सेल्सिअस असते. विदर्भातील ४४-४५ अंशांपुढे ते सौम्यच वाटावे. परंतु येथे हवेत ओलावा विपुल असतो. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाजवळ आले की शरीरातील उष्मा बाहेर टाकण्याचा प्रमुख मार्ग स्वेदाच्या बाष्पीभवनाचाच उरतो. आणि हवा दमट असता स्वेद वाळत नाही, नुसता ओघळतो. शरीरातील जलांश व लवण जाते, शीतता मात्र येत नाही. जांगल देशातील ग्रीष्म शोषण करतो. आनूप देशातील ग्रीष्म एकाच वेळी क्षीणता आणि क्लेद उत्पन्न करतो. हा भेद चिकित्सेत फार महत्त्वाचा आहे.

हवामान विभागाच्या निकषानुसार किनारी ठिकाणी कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीहून किमान ४.५ अंशांनी अधिक असेल, तेव्हाच उष्णतेच्या लाटेचा विचार होतो. मैदानी प्रदेशासाठी ही मर्यादा ४० अंश आहे. अर्थात ‘लाट नाही’ याचा अर्थ ‘धोका नाही’ असा किनाऱ्यावर होत नाही. म्हणूनच विभाग कोकणासाठी ‘उष्ण व दमट हवामान’ असा स्वतंत्र इशाराही देतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावरील समारंभानंतर उष्माघाताने १४ जणांना प्राण गमवावे लागले. त्या दिवशी तेथील पारा चाळिशीच्या आतच होता.

आमच्या मते वैद्याने चार गोष्टी क्रमाने पाहाव्यात. पहिली, रात्रीचे किमान तापमान. ते २६-२७ अंशांखाली उतरत नसेल, तर दिवसाचा शीण रात्री भरून निघत नाही. निद्रानाश, अग्निमांद्य व अंगमर्द यांच्या तक्रारी वाढतात. दुसरी, आर्द्रता. तिसरी, वाऱ्याची दिशा. दुपारच्या सुमारास समुद्रावरून खारे वारे सुटतात व किनाऱ्यास थोपवून धरतात. पूर्वेकडून जमिनीवरील कोरडे वारे जोराने वाहू लागले, की खारे वारे उशिरा सुटतात आणि पारा झपाट्याने चढतो. चौथी, इशाऱ्याचा रंग : हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे तातडीने कृती करा.

शब्दांचे अर्थही नीट जाणावेत. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे त्या विभागातील एक चतुर्थांश वा त्याहून कमी ठिकाणी पाऊस. आपल्याच गावी पडेल, असे नव्हे. तसेच पहिल्या दोन-तीन दिवसांच्या अंदाजावर जितका भरवसा ठेवता येतो, तितका सहाव्या-सातव्या दिवसाच्या अंदाजावर ठेवता येत नाही. अंदाज दररोज सुधारला जातो. म्हणून सोमवारी पाहिलेल्या आकड्यांवर शनिवारचा निर्णय घेऊ नये.

एक कल्पित सप्ताह

समजा, एप्रिलच्या अखेरीस वेंगुर्ल्याचा अंदाज असा आहे : पहिले दोन दिवस कमाल ३४, किमान २६ अंश, तिसऱ्या व चौथ्या दिवशी पूर्वेचे वारे, कमाल ३७ अंश, पिवळा इशारा, पाचव्या दिवसापासून आकाश अंशतः ढगाळ, किमान २७-२८ अंश, सातव्या दिवशी तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस. वैद्याने याचे वाचन असे करावे.

पहिले दोन दिवस तयारीचे. काजू कारखान्यांत भट्टीजवळ काम करणारे, आंबा उतरविणारे मजूर, वृद्ध, गर्भिणी, बालके, तसेच मूत्रल औषधे घेणारे हृद्रोगी व उच्च रक्तदाबाचे रुग्ण यांची आठवण ठेवून त्यांस आधीच सूचना द्याव्यात. चालू औषधे कोणी परस्पर बंद करू नयेत, हेही बजावावे.

तिसरा व चौथा दिवस पित्ताचा व बलहानीचा. अकरा ते चार उन्हातील श्रम टाळावेत. ग्रीष्मात दिवास्वाप अनुज्ञात आहे, त्याचा लाभ घ्यावा. व्यायाम, मद्य व कटु रस वर्ज्य. वाळा घातलेले माठातील पाणी, धान्यकहिम, शहाळ्याचे पाणी, लाजमंड, सातूचा मंथ यांची योजना करावी. दाह व तृष्णा अधिक असता षडंगपानीय द्यावे. लवणाविषयी येथे थोडा विवेक हवा. ग्रीष्मात लवण-अम्ल-कटु रसांचे सेवन टाळावे, हा सर्वसाधारण नियम खरा. परंतु दिवसभर घामाने भिजणाऱ्या कष्टकऱ्यास केवळ साखरपाणी देणे पुरेसे नाही. उकड्या तांदळाची पेज चिमूटभर मीठ घालून घेण्याची कोकणातील जुनी रीत त्याच्यासाठी योग्यच आहे. बैठे काम करणाऱ्यास, रक्तदाबाच्या वा वृक्कविकाराच्या रुग्णास मात्र तीच मात्रा सांगू नये. कोकमाचे सार सर्वांस प्रिय; पण अम्लपित्ताच्या रुग्णास ते बेतानेच द्यावे.

पाचव्या दिवसापासून चित्र पालटते. पारा उतरलेला दिसतो, म्हणून लोक निर्धास्त होतात. परंतु ढगांमुळे रात्री उष्मा कोंडतो, क्लेद वाढतो आणि अग्नी मंदावतो. या दिवसांत बर्फाची पेये, आमरस व दूध यांचा अतिरेक झाला की अतिसार, छर्दी व ज्वर यांचे रुग्ण दारी येतात. येथे शीताहून लघुत्वास महत्त्व द्यावे : पातळ पेज, मुगाचे कढण, जिरे घातलेले ताजे ताक. घामोळे व दद्रू यांसाठी त्वचा कोरडी ठेवण्यास सांगावे.

शोधनकर्म व सप्ताहाचा अंदाज

अंदाजाचा सर्वांत मोठा उपयोग पंचकर्माच्या नियोजनात आहे. वसंतातील वमनासाठी चैत्र प्रशस्त मानला गेला. कोकणात तोवर उन्हाळा पेटलेला असतो. अतिउष्ण, अतिशीत व अतिवर्षा या काळांत, आत्ययिक अवस्था वगळता, शोधन करू नये, असा चरकाचार्यांचा स्पष्ट आदेश आहे. अतिउष्ण काळी दिवसा घेतलेल्या स्नेहाने मूर्च्छा, तृष्णा, उन्माद वा कामला उद्भवू शकते, असेही त्यांनी बजाविले आहे.

अभ्यंतर स्नेहपान तीन ते सात दिवसांचे. म्हणजे स्नेहपानाची अवधी व अंदाजाची अवधी नेमकी सारखीच. तेव्हा स्नेहपान आरंभण्यापूर्वी पुढील सप्ताह पाहावा. मध्ये नारिंगी वा लाल इशारा असेल, तर कर्म पुढे ढकलावे व तोवर शमनावर भर द्यावा. वमन वा विरेचनाच्या दोन दिवस आधी अंदाज पुन्हा पाहावा, कारण आरंभी पाहिलेला अंदाज तोवर बदललेला असू शकतो. रुग्णाने सुट्टी काढली आहे, दिवस ठरला आहे, एवढ्या कारणास्तव कर्म रेटू नये. उष्णतेने थकलेल्या देहात वेग अधिक आले, तर अतियोगाचा धोका द्विगुणित होतो. आणि त्याचे उत्तरदायित्व पंचांगावर नव्हे, वैद्यावर असते.

ऋतुसंधी

मावळत्या ऋतूचा शेवटचा सप्ताह व येणाऱ्या ऋतूचा पहिला सप्ताह मिळून ऋतुसंधी होतो. या काळात जुना विधी क्रमाने सोडावा व नवा क्रमाने धरावा. एकाएकी बदल केल्यास असात्म्यज व्याधी होतात. ग्रीष्मात संचित झालेला वात पावसाच्या प्रथम सरीसवेच प्रकुपित होऊ पाहतो. संधीचा आरंभ कोणत्या दिवशी, हे पूर्वी वैद्य आकाश, वारा व मुंग्यांची लगबग पाहून ठरवीत असे. आज त्या निरीक्षणास अंदाजाची जोड देता येते. पाऊस आठवड्यावर आला असे दिसताच शीत पेये थोडथोडी कमी करावीत, सुंठ-जिऱ्याचा वापर वाढवावा, पाणी उकळून घेण्यास सांगावे. २०२५ सारख्या वर्षी हा सप्ताह वैशाखातच येतो, हे विसरू नये.

वैद्याची मर्यादा

शरीराचे तापमान ४० अंशांपलीकडे, बोलण्यात असंबद्धता, आक्षेप वा संज्ञानाश ही लक्षणे दिसताच तो उष्माघात समजावा. अशा रुग्णास सावलीत घेऊन अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. शुद्धीवर नसलेल्याच्या मुखात काहीही घालू नये. येथे घटकाभराचा विलंबही प्राणघातक होऊ शकतो.

व्यवसायी बंधुभगिनींस आमची विनंती एवढीच, की चिकित्सालयातील फलकावर दर सोमवारी आपल्या गावाचा सात दिवसांचा अंदाज लिहावा, तो रोज सुधारावा व त्याखाली त्या सप्ताहाचा आहारविहार दोन ओळींत द्यावा. शेजारी नोंदवहीत त्या आठवड्यातील रुग्णांच्या तक्रारी टिपाव्यात. दोन-तीन उन्हाळ्यांच्या अशा नोंदी जमल्या, तर आपल्या देशाची ऋतुचर्या आपणांस ग्रंथाच्या प्रकाशात, परंतु स्वतःच्या अनुभवाने लिहिता येईल.